संधिसाधू बुरशी आणि औषधांचे कोठार

‘संधिसाधू’ हे विशेषण आपण एरवी राजकारणातील माणसांसाठी राखून ठेवलेले आहे. वैद्यकशास्त्रात ते काही रोगांना लावले जाते आणि तेथे त्याचा अर्थ अत्यंत नेमका आहे. शिळ्या भाकरीवर आणि कुजलेल्या पाचोळ्यावर वाढणाऱ्या बुरशीचे सूक्ष्म बीजाणू आपण सर्वच जण रोज श्वासाबरोबर आत घेत असतो. निरोगी माणसाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी त्यांचा परस्पर निकाल लावतात. परंतु अनियंत्रित मधुमेह, कर्करोगावरील उपचार, अवयवरोपण किंवा एड्स यांमुळे प्रतिकारशक्ती खचली, की तीच निरुपद्रवी बुरशी प्राणांवर उठते.

२०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर हा अनुभव आपल्या दाराशी आला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरअखेरपर्यंत देशात म्युकरमायकोसिसच्या ५१ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. त्यांत महाराष्ट्र आणि गुजरात आघाडीवर होते. लोकांनी या रोगाला ‘काळी बुरशी’ म्हटले. वास्तविक ही बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरून रक्तपुरवठा तोडते आणि मृत झालेले मांस काळे पडते. नाकातून डोळ्याकडे आणि डोळ्यातून मेंदूकडे असा तिचा प्रवास असतो. कोरोनातून वाचलेल्या कित्येकांना जबडा किंवा डोळा गमवावा लागला. आगीतून फुफाट्यात पडणे म्हणतात ते हेच.

या संकटाला माणसाचाही हात लागलेला होता. डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडमुळे ऑक्सिजनची गरज असलेल्या कोरोना रुग्णांचे मृत्यू कमी होतात, असे ब्रिटनमधील चाचणीत जून २०२० मध्ये सिद्ध झाले. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती, त्यांना मात्र त्याचा लाभ दिसला नाही. त्या चाचणीतील मात्रा रोज ६ मिलिग्रॅम आणि मुदत फार तर १० दिवस होती. आपल्याकडे अनेक ठिकाणी हे औषध गरजेपूर्वी, अधिक मात्रेत आणि अधिक काळ दिले गेले. स्टेरॉइड रक्तातील साखर वाढवते आणि प्रतिकारशक्तीही मंदावते. मधुमेह असूनही त्याची कल्पना नसलेले असंख्य लोक ज्या देशात आहेत, तेथे याचा परिणाम काय होणार, हे सांगावयास नको.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातला हिशेब अस्वस्थ करतो. स्टेरॉइडची गोळी काही रुपयांची, साखरेची तपासणीही तशीच स्वस्त. उलट, या रोगावरील लायपोसोमल अॅम्फोटेरिसिन-बी या औषधाची रोजची मात्रा शरीराच्या प्रत्येक किलोमागे साधारणपणे ५ मिलिग्रॅम असते. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला रोज ३०० मिलिग्रॅम, अर्थात ५० मिलिग्रॅमच्या ६ कुप्या. तीन आठवड्यांच्या उपचाराला १२६ कुप्या झाल्या, आणि एकेका कुपीची किंमत हजारो रुपयांत! याच औषधाचा जुना प्रकार स्वस्त आहे, पण तो मूत्रपिंडाला इजा करतो. जी खबरदारी काही रुपयांत घेता आली असती, तिच्या अभावी कुटुंबांच्या आयुष्यभराच्या ठेवी मोडल्या.

पैसे असणाऱ्यांनाही औषध मिळेना, हा त्याहून मोठा धडा होय. एरवी मागणी तुरळक, म्हणून उत्पादनही बेताचे. मागणी एकाएकी वाढली तेव्हा बाजार कोलमडला. जीएसटी परिषदेने १२ जून २०२१ रोजी या औषधावरील कर शून्यावर आणला, ते योग्यच झाले; पण करमाफीने नसलेल्या कुप्या निर्माण होत नाहीत. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच तो प्रकार होता.

क्वचित लागणारे औषध केवळ नफ्याच्या आशेवर बाजार साठवून ठेवणार नाही. ते काम शासनाचे आहे, आणि त्याचा एक अनपेक्षित लाभही असतो. अमेरिकेत पेंटामिडीन हे औषध केंद्रीय रोगनियंत्रण संस्थाच पुरवीत असे. दुबळ्या रुग्णांना होणाऱ्या न्यूमोसिस्टिस या फुप्फुसरोगावर ते वापरले जाई. या रोगाचा जंतू ही बुरशीच आहे, हे पुढे कळले. १९८१ मध्ये धडधाकट तरुणांसाठी त्याची मागणी येऊ लागली, तेव्हा कोठारातील नोंदींवरूनच काही तरी विपरीत घडत असल्याची शंका बळावली. पुढे जो एड्स म्हणून ओळखला गेला, त्याची ती चाहूल होती. नीट राखलेले कोठार हे पहाऱ्याचेही काम करते.

न वापरलेले औषध मुदत संपून वाया जाईल, हा आक्षेप खरा. परंतु त्याला उत्तर आहे. कर्करोग आणि अवयवरोपणाच्या रुग्णालयांना हे औषध नेहमीच लागते. जुना साठा प्रथम त्यांना देऊन त्या जागी नवा भरता येईल. त्याचबरोबर स्टेरॉइड लिहून देण्यापूर्वी आणि दिल्यानंतर साखर तपासण्याचा दंडक गावच्या आरोग्य केंद्रापासून पाळला गेला पाहिजे. पुढच्या साथीत असे संकट आलेच, तर या दोन्ही गोष्टींचा खर्च त्यापुढे क्षुल्लक ठरेल. अग्निशामक दलाचा बंब वर्षभर उभा राहिला म्हणून तो खर्च वाया गेला, असे कोणतीही शहाणी नगरपालिका म्हणत नाही.