जुना संगणक किती जुना चालेल?

अनेक शाळांच्या संगणक कक्षात एक कोपरा ठरलेला असतो. तेथे 'आता उपयोगाचे नाहीत' म्हणून बाजूला ठेवलेले संगणक धूळ खात पडलेले दिसतात. गंमत अशी, की यांपैकी कित्येकांचे बटण दाबले तर ते मुकाट्याने सुरू होतात. मग ते निरुपयोगी ठरले कशामुळे? यंत्र झिजले म्हणून नव्हे, तर त्यावर चालणाऱ्या प्रणालीची भूक वाढली म्हणून. १९९५ साली आलेल्या विंडोज ९५ ला किमान ४ मेगाबाइट मेमरी पुरत असे. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ची किमान अट ४ गिगाबाइटची आहे, म्हणजे १०२४ पट. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबला आणि हा प्रश्न आणखी शाळांपुढे आला. जुना संगणक भंगारात काढण्यापूर्वी, प्रणालीला किमान काय लागते हे आपण पाहू.

ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे 'कर्नल'. कोणत्या कामाला प्रोसेसरचा किती वेळ द्यायचा, मेमरीतील कोणती जागा कोणाला द्यायची, डिस्क व कळफलक यांच्याशी कसे बोलायचे, एवढे तो पाहतो. खिडक्या, चित्रे, आवाज हा सारा नंतरचा पसारा. हा पसारा दूर केला की गरज झपाट्याने उतरते.

पहिली अट प्रोसेसरची. प्रत्येक प्रोसेसरला ठराविक आज्ञाच समजतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स लिहिले ते ३८६ प्रोसेसरसाठी; पण डिसेंबर २०१२ मध्ये लिनक्सच्या कर्नलमधून त्याच ३८६ चा आधार काढून टाकण्यात आला. का? मेमरीतील किंमत तपासणे आणि जुळल्यास ती बदलणे, ही दोन कामे मध्ये खंड न पडता एकाच आज्ञेत करण्याची सोय ४८६ पासून आली. अनेक कामे एकाच वेळी चालताना ती फार उपयोगी पडते. ३८६ साठी वेगळी पळवाट सांभाळणे कर्नल लिहिणाऱ्यांना डोईजड झाले. म्हणजे ही अडचण वेगाची नाही, भाषेची आहे. अशा संगणकात मेमरी कितीही वाढवली तरी नवा कर्नल तेथे चालणार नाही.

दुसरी अट मेमरीची, म्हणजे रॅमची. येथे स्वयंपाकघराचे उदाहरण उपयोगी पडते. रॅम म्हणजे ओटा, हार्ड डिस्क म्हणजे फडताळ. ओटा लहान असेल तर काही डबे पुन्हा फडताळात ठेवावे लागतात. संगणकही तसेच करतो. या सोयीला 'स्वॅप' म्हणतात. पण ती फार महाग पडते. जुन्या रॅममधून माहिती मिळण्यास सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात, तर फिरत्या डिस्कवरून सुमारे १० मिलिसेकंद, म्हणजे एक लाख पट. ओट्यावरची वस्तू एका सेकंदात हाती येत असेल, तर फडताळातील वस्तूला एक दिवस आणि जवळजवळ चार तास लागतील! जुना संगणक 'अडकतो' तो बहुधा यामुळेच.

'टायनी कोअर लिनक्स' या छोट्या प्रणालीच्या कर्त्यांनी दिलेले आकडे बोलके आहेत. केवळ अक्षरांचा पडदा असलेल्या रूपाला २८ मेगाबाइट रॅम, खिडक्यांच्या रूपाला ४६ मेगाबाइट, आणि प्रोसेसर किमान ४८६ डीएक्स. यापेक्षा कमी रॅम असेल, तर स्वॅप कितीही देऊन उपयोग नाही. कारण ही प्रणाली सुरू होतानाच पूर्णपणे रॅममध्ये उलगडते. स्वॅप वापरण्याची वेळ त्यानंतर येते. सुखाने काम करायचे तर १२८ मेगाबाइट हवेत, असेही ते सांगतात. 'चालणे' आणि 'वापरता येणे' यांत फरक आहे, तो असा.

तिसरी गोष्ट पडद्याची. विद्यार्थ्यांना हे गणित फळ्यावर करायला द्यावे. ८०० गुणिले ६०० बिंदू आणि प्रत्येक बिंदूला २ बाइट, तर एका चित्राला ९,६०,००० बाइट लागतात. १९२० गुणिले १०८० बिंदू आणि प्रत्येकी ४ बाइट घेतले, तर ८२,९४,४०० बाइट, म्हणजे साडेआठ पटींहून जास्त. पडदा साधा ठेवला की किती बचत होते, हे यावरून कळते.

आता निवड कशी करावी? ४८६ च्याही आधीचे यंत्र असेल तर 'फ्रीडॉस' पाहावे. जिम हॉल यांनी १९९४ मध्ये सुरू केलेली ही प्रणाली ६४० किलोबाइट मेमरीतही चालते. मात्र एका वेळी एकच काम करते. ३२ बिटी संगणकात १२८ मेगाबाइट वा अधिक रॅम असेल, तर टायनी कोअरवर टंकलेखन व प्रोग्रॅमिंग शिकवता येईल. ६४ बिटी प्रोसेसर व २ गिगाबाइट रॅम असेल, तर हलक्या डेस्कटॉपचे नेहमीचे लिनक्स चालवून पाहावे. जुनी यंत्रे पेनड्राइव्हवरून सुरू होत नाहीत, तेव्हा सीडी वापरावी. सीडीवरूनच प्रणाली चालवून पाहिली, तर डिस्कवरील जुनी माहितीही शाबूत राहते. तारीख दर वेळी मागे जात असेल तर मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल बदलावा. अन्यथा चुकीच्या तारखेमुळे सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत. वीजपुरवठ्याची पेटी मात्र विद्यार्थ्यांनी कधीही उघडू नये. वीज बंद केल्यावरही तिच्यात धोकादायक दाब शिल्लक असू शकतो.

एक मर्यादा प्रामाणिकपणे सांगायला हवी. छोटी प्रणाली संगणकाला जागे करते; इंटरनेटवरील आजची जड पाने ती हलकी करू शकत नाही. तेथे भूक ब्राउझरची असते. शिवाय ३२ बिटी यंत्रांचा आधार आटत चालला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून त्यांच्यासाठी इन्स्टॉलरही मिळत नाही. म्हणून असे संगणक नेटवर्कपासून दूर ठेवून शिकण्यासाठी वापरणे बरे.

आणि शिकण्यासाठी तेच अधिक चांगले नाहीत काय? १२८ मेगाबाइटच्या यंत्रावर 'फ्री' ही आज्ञा देऊन, एकेक प्रोग्रॅम उघडताना मेमरी कशी कमी होते हे विद्यार्थी स्वतः मोजू शकतो. नव्या संगणकाच्या सुबत्तेत ही गोष्ट सहसा डोळ्यांत भरत नाही. कोपऱ्यातल्या त्या संगणकावरचे आच्छादन काढण्यास एवढे कारण पुरेसे आहे.