लामू ते किल्वा : लहान विमानातून स्वाहिली किनारा

अरबीत समुद्रकिनाऱ्याला ‘साहिल’ म्हणतात. त्याचे अनेकवचन ‘सवाहिल’. पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली लोकांना आणि त्यांच्या भाषेला याच शब्दावरून नाव मिळाले. केनियातील लामूपासून टांझानियातील किल्वापर्यंत हा किनारा सरळ रेषेत सुमारे साडेसातशे किलोमीटर आहे. रस्त्याने निघाले तर खाड्या, नदीमुखे आणि बेटे वाट अडवतात. त्यामुळे येथे लहान विमानांची वाहतूक चांगलीच रुळली आहे. ऐपत असलेले प्रवासी सगळे विमानच भाड्याने घेऊन एकेका धावपट्टीवर उतरत किनारा पाहतात.

या कामी ‘सेस्ना कॅरव्हॅन’ हे एका इंजिनाचे, डझनभर माणसांचे विमान जास्त दिसते. ते फार उंच जात नाही. पंख छताच्या पातळीवर असल्याने खिडकीतून खालचा समुद्र मोकळा दिसतो.

लामूची धावपट्टी शेजारच्या मांडा बेटावर आहे. विमानातून उतरून होडीत बसायचे आणि जुन्या शहराच्या धक्क्याला लागायचे. प्रवाळाचा दगड, चुना आणि खारफुटीचे वासे यांनी बांधलेली घरे, गाढवांची ये-जा आणि मोटार शिरू शकणार नाही अशा गल्ल्या. २००१ साली युनेस्कोने या शहराला जागतिक वारशात स्थान दिले.

दक्षिणेकडे उड्डाण केले की भूगोलाचा धडा समोर उलगडतो. किनाऱ्याला समांतर फेसाची पांढरी रेघ दिसते. ती प्रवाळाची रांग. रेघेच्या आत पाणी शांत आणि हिरवट, बाहेर गर्द निळे. रांगेत जिथे खिंड आहे, तिथून गलबतांना आत येता येई. मोंबासासारखी बंदरे तिथे का वसली, हे वरून पाहताच कळते. बंदराला स्वाहिलीत ‘बंदारी’ म्हणतात, साबणाला ‘सबुनी’ आणि दुकानाला ‘दुका’. कोकणातल्या माणसाला हे शब्द परके वाटणार नाहीत.

हे नाते वाऱ्याने जोडले. डिसेंबर ते मार्चमध्ये ईशान्येचा वारा अरबस्तान आणि हिंदुस्थानची गलबते आफ्रिकेकडे नेई. पुढे नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला की ती परत फिरत. वारा बदलेपर्यंत व्यापारी तिथेच राहत. त्या मुक्कामांतून सोयरिकी जुळल्या, मशिदी उभ्या राहिल्या आणि नवी भाषा घडली.

हिरव्यागार पेम्बा बेटावरून विमान झांझिबारकडे वळते. ही दोन्ही बेटे लवंगेसाठी प्रसिद्ध आहेत. मात्र एकोणिसाव्या शतकातले ते लवंगेचे मळे गुलामांच्या श्रमावर उभे राहिले होते. झांझिबारचा गुलामांचा बाजार १८७३ साली बंद झाला. तो चालवणाऱ्यांत आणि त्यावर धनवान झालेल्यांत मुसलमानही होते. ही गोष्ट मुलांपासून लपवण्याचे कारण नाही. माणसाला माणसाच्या बेडीतून सोडवणे हे पुण्यकर्म मानणाऱ्या धर्माच्या अनुयायांनी तर ती आवर्जून सांगावी.

पुढे रुफिजी नदीच्या मुखावरची अफाट खारफुटी मागे पडते आणि किल्वा येते. धावपट्टी किल्वा मासोको येथे मुख्य भूमीवर आहे. समोरच्या किल्वा किसिवानी बेटावर होडीने जावे लागते. सोफालाहून येणाऱ्या सोन्याच्या व्यापारावर हे शहर श्रीमंत झाले. तिथली प्रवाळदगडाची घुमटांची मोठी मशीद आज भग्न आहे, तरी तिच्या कमानी पाहून माणूस थबकतो.

१३३१ साली इब्न बतूता येथे आला होता. सुलतान हसन बिन सुलेमान यांच्या दातृत्वाचे त्याने मनापासून कौतुक केले आहे. जुम्याच्या नमाजेनंतर एका येमेनी फकिराने सुलतानांच्या अंगावरचेच कपडे मागितले. सुलतान मागे फिरले, दुसरे कपडे घातले आणि आधीचे त्याला देऊन टाकले. पुढे त्याच फकिराला दानात गुलाम आणि हस्तिदंतही मिळाले, असेही इब्न बतूता लिहितो. औदार्य आणि गुलामी एकाच प्रसंगात नांदत होती.

१५०५ मध्ये पोर्तुगीज सेनानी फ्रान्सिस्को द आल्मेडाने किल्वा लुटले. त्याच आल्मेडाने १५०८ च्या डिसेंबरअखेर आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले दाभोळ बेचिराख केले. एकाच समुद्राच्या दोन काठांवरील बंदरांवर एकाच माणसाच्या हातून आघात झाला. किल्व्याची पडझड पाहताना दाभोळची आठवण होते ती यामुळेच.

प्रवासाला निघणाऱ्यांसाठी थोडे. जून ते ऑक्टोबर आणि जानेवारी-फेब्रुवारी हे कोरडे महिने चांगले. मार्चअखेरपासून मेपर्यंतच्या पावसात कच्च्या धावपट्ट्या चिखलाच्या होतात. सामान मऊ पिशवीत आणि साधारण १५ किलोच्या आत ठेवावे. विमानाचा तोल सांभाळायचा असल्याने प्रवाशांचेही वजन केले तर संकोचू नये. अशा विमानांत सहसा स्वच्छतागृह नसते, म्हणून वुजू करूनच चढावे. मुसाफिराला चार रकातींच्या फर्ज नमाजेत दोन रकातींची सवलत आहेच. विमान खासगी असले तरी केनियातून टांझानियात जाताना दोन्हीकडे इमिग्रेशनची सोय असलेल्या विमानतळांवर उतरावेच लागते. केनियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र लागते. ते लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होते.

खर्चाचे काय? संपूर्ण विमान भाड्याने घेणे हे सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे आहे, आणि केवळ मिरवण्यासाठी केले तर तो इस्राफच. पण याच मार्गांच्या काही टप्प्यांवर लहान विमानांत एकेक आसन मिळते. एखादा टप्पा असा उडून पाहावा आणि दार-ए-सलाम ते झांझिबारसारखे अंतर बोटीने कापावे. पूर्वजांच्या गलबतांचा समुद्र बोटीतूनच अधिक जवळून कळतो.

जमिनीवर फिरा आणि आधीच्या लोकांचा शेवट काय झाला ते पाहा, असे कुरआन वारंवार सुचवतो. आकाशातून हा किनारा नुसता सुंदर दिसतो. वैभव कशावर उभे होते आणि ते कसे ओसरले, हे कळायला मात्र खाली उतरून त्या भग्न कमानींखाली उभे राहावे लागते.