दर शुक्रवारी एक गाणं

मंडळी, मघाशी चहा घेताना एकाने विचारलं, ‘ठरवून गाणं लोकप्रिय करता येतं का?’ प्रश्नात खोच होती. मागणीनुसार लिहिलेलं गाणं म्हणजे कारखान्याचा माल, खरं गाणं आपोआप सुचतं, असं त्यांना म्हणायचं होतं. मला ते पटत नाही. माझा साक्षीदार गीतरामायण.

१ एप्रिल १९५५, रामनवमी, वार शुक्रवार. पुणे आकाशवाणीवरून पहिलं गीत प्रसारित झालं. पुढाकार सीताकांत लाडांचा, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचं. बोली वर्षभराची, आठवड्याला एक गाणं. त्या वर्षी अधिक मास आला, म्हणून ५२ ची ५६ झाली.

तुम्ही दिंडोरीकर, द्राक्षबागायतदार. छाटणी झाली की पुढचे दिवस बाग ठरवते, आपली लहर चालत नाही. तसंच हे. लिहायचं, चाल लावायची, गायक ठरवायचा, तालीम करायची. शुक्रवार काही थांबत नाही. पहिलंच गीत ऐनवेळी सापडेना, तेव्हा लाडांनी गदिमांना खोलीत बसवून ते पुन्हा लिहून घेतलं, असा किस्सा सांगतात.

पण नुसत्या घाईने गाणं होत नाही. रेडिओवरचं गाणं मागे नेऊन ऐकता येत नव्हतं. पहिल्या ऐकण्यात शब्द कळलाच पाहिजे. म्हणून गदिमांनी प्रत्येक गीत कुणाच्या तरी तोंडी दिलं: कौसल्या, नावाडी, जटायू, शूर्पणखा (ती तर आपल्या पंचवटीचीच!). आणि बाबूजींनी चाल अशी बांधली की अक्षर दबत नाही. एकाने दुसऱ्यासाठी जागा सोडली. जोडी जमते ती इथे.

त्याच सुमारास, म्हणजे पाच-दहा वर्षांनी, अमेरिकेत डेट्रॉइटला मोटाउन कंपनीत एक त्रिकूट होतं: ब्रायन हॉलंड, लॅमाँट डोझियर आणि ब्रायनचा भाऊ एडी. शब्द मुख्यतः एडीचे, चाली इतर दोघांच्या. गंमत बघा, तिथेही शुक्रवारच! कोणती गाणी बाजारात आणायची ते शुक्रवारच्या बैठकीत ठरे. १९६४-६५ मध्ये ‘सुप्रीम्स’ या गटाने लागोपाठ पाच गाणी अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेली, पाचही या तिघांची. पुढे पैशांवरून बिनसलं, तिघं कंपनी सोडून गेले, प्रकरण कोर्टात गेलं. वाजवणाऱ्यांची नावं तर वर्षानुवर्षं तबकडीवर छापलीच नव्हती.

आपल्याकडे वेगळं घडलं. रेडिओवर माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे असे अनेक आवाज होते. नंतर बाबूजी एकटेच पेटी घेऊन बसले, सीताही त्यांच्याच आवाजात, आणि लोक रात्र रात्र ऐकत राहिले.