जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर सोलापुरी टॉवेल

माढ्याहून समुद्र लांब. कुर्डुवाडीला गाडी धरून पुणे, पुढे घाट उतरून रायगड जिल्ह्यातले मुरूड. तरीही आमच्या व्यापारी बंधूंनी मुरूड-जंजिऱ्याकडे एकदा धंद्याच्या नजरेने पाहावे, असे आम्हाला वाटते.

जंजिरा हे समुद्रातले बेट. नावच मुळी अरबी 'जझीरा'वरून आलेले. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचे हे राज्य १९४८ साली विलीन झाले. चहूकडे खारे पाणी आणि किल्ल्यात गोड्या पाण्याचे दोन तलाव, ही अल्लाहची कुदरत पाहून माणूस थक्क होतो. समोर मुरूडची वाळू, उत्तरेला काशीदचा किनारा, पाठीशी फणसाडचे जंगल. नवाबांच्या शिकारीचे हे रान १९८६ साली अभयारण्य झाले. बिबट्या आणि शेकरू तेथे आहेत.

अभयारण्य म्हटले की माढेकरांच्या कपाळाला आठी पडते. माळढोकसाठी १९७९ साली सोलापूर-नगरचे तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर राखीव झाले, त्यात आपला तालुकाही आला आणि जमिनीचे व्यवहार अडले. पुढे ते क्षेत्र सुमारे १,२२२ वर आणले गेले. फणसाड जेमतेम ७० चौरस किलोमीटरचे. तिथे जंगल धंद्याच्या आड येण्याऐवजी गिऱ्हाइकाला आणखी एक दिवस थांबवते, असे आमचे मत आहे.

आता मुद्द्याचे. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या किल्ल्याला जातात. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, तिथे मुक्काम नाही. म्हणजे राहणे, खाणे, खरेदी सगळी किनाऱ्यावर. खोल्या आणि खानावळी स्थानिकांच्या आहेत. त्यात आपण शिरण्यात अर्थ नाही. पण समुद्रात भिजलेल्या माणसाला टॉवेल लागतो, आणि टॉवेल म्हणजे सोलापूर! सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. खोलीवाल्याला चादरीही लागतातच. आमच्या शिंपी बंधूंनी सुती टोप्या, पिशव्या, पोरांच्या अर्ध्या चड्ड्या शिवून नमुना न्यावा. भडक रंग निवडावेत, मात्र ते खाऱ्या पाण्यात टिकतात का ते घरी बादलीत मीठ घालून आधी पाहावे.

हिशेब मात्र आठ महिन्यांचा धरावा. पावसाळ्यात होड्या बंद, गिऱ्हाईक तुरळक. मे महिन्यात उधारीवर टाकलेला माल दिवाळीपर्यंत अडकलाच म्हणून समजा. वादळाचाही भरवसा नाही. ३ जून २०२० च्या 'निसर्ग' चक्रीवादळाने या किनाऱ्यावरच्या नारळी-सुपारीच्या बागा आडव्या केल्या. सुपारीचे झाड पुन्हा फळाला यायला वर्षे जातात. असा फटका बसलेला दुकानदार नियतीचा चांगला असला तरी पैसे कुठून देणार? म्हणून पहिली खेप लहान, रोखीची, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी पोहोचेल अशी पाठवावी. खपलेल्या मालाचे पैसे हाती आले की दुसरी.