हरळी : मैदानाची मैत्रीण, शेताची वैरीण

नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानास लोक 'गोल्फ क्लब मैदान' असेही म्हणतात. आज तेथे क्रिकेटचे सामने होतात. गोल्फ असो वा क्रिकेट, मैदान हिरवे राखावयाचे तर गवतास पाणी, खत व कापणी लागतेच. कांदा व द्राक्षे पिकविणाऱ्या या जिल्ह्यात त्यासाठी पाणी किती खर्चावे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

एक हेक्टरावर एक मिलिमीटर पाणी देणे म्हणजे १०,००० लिटर पाणी देणे होय. रोज पाच मिलिमीटर दिल्यास वीस हेक्टरांच्या मैदानास १० लाख लिटर लागतात. म्हणून गवताची निवड रंगावरून न करता पाण्याच्या हिशेबाने करावी.

थंड प्रदेशातील बेंट गवत आपल्या उन्हाळ्यात तग धरीत नाही. आपली हरळी मात्र कडक उन्हात वाढते, जमिनीवर व जमिनीखाली धावते आणि तुडविली तरी पुन्हा फुटते; परंतु दाट सावलीत ती विरळ होते. अमेरिकेतील टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांच्या संशोधनातून सामान्य व आफ्रिकन हरळीचे संकरित वाण निघाले : १९५६ साली 'टिफग्रीन' व १९६० साली 'टिफवे'. त्यांस बी धरत नाही. लागण कांड्यांनीच करावी लागते. झॉयशिया गवत सावकाश वाढते, म्हणून कापणी कमी लागते. पॅसपॅलम गवत खारे पाणी सोसते.

पारख करावयाची असल्यास एकाच जमिनीत प्रत्येक गवताचे दोन मीटर लांबी-रुंदीचे तीन-तीन वाफे करावेत. पुढील नोंदी ठेवाव्यात :

१. जमीन झाकण्यास लागलेले दिवस.
२. पाणी तोडल्यापासून गवत कोमेजेपर्यंतचे दिवस.
३. वर्षातील कापण्या व दिलेले नत्र.
४. तण व रोगाचा उपद्रव.

पाणी वरचेवर शिंपडण्यापेक्षा अंतराने व खोलवर, पहाटे द्यावे. त्यामुळे मुळे खाली जातात. एका वेळी उंचीच्या एकतृतीयांशाहून अधिक कापू नये. कापलेले बारीक गवत जागीच राहू दिल्यास त्यातील नत्र जमिनीस परत मिळते. नत्र थोडे थोडे द्यावे. जादा नत्र पावसाबरोबर झिरपून विहिरीच्या पाण्यात उतरते. खेळाबाहेरील कडेला मारवेल अगर पवना लावल्यास पाणी वाचून वैरणही मिळते.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. मैदानावरील गुणी हरळी कांद्याच्या वाफ्यात चिवट तण ठरते. तिची एक कांडीही नवे बेट उभे करते. म्हणून मैदान व शेत यांमध्ये चर ठेवावा आणि हरळीचे तुकडे असलेली माती शेतात नेऊ नये. ग्रामसेवकांनी शाळेच्या मैदानाची लागण करण्यापूर्वी शेजारच्या शेतकऱ्यास हे आवर्जून सांगावे. मैदान गावाचे असले तरी खुरपणीचा खर्च त्याच्याच माथी येतो.