खाणीच्या पाण्यात

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मामाकडे इंग्लंडला जाऊन आलो हे कळल्यावर कॅन्टीनमध्ये सर्वांनी लंडनचे पूल आणि राजवाडे यांच्याविषयी विचारले. मी तिथे एका दगडाच्या खाणीत पाणबुड्याच्या पोशाखात उतरलो होतो असे सांगताच एक मित्र म्हणाला, "खाण बघायला एवढं विमानभाडं? ती तर आपल्या टेकडीमागे फुकट आहे!" सगळे हसले. शेरा मात्र बरोबर होता. टेकडीमागची ती खाण माझ्या डोक्यात नसती तर मी तिकडच्या खाणीत उतरलोच नसतो.

आमच्या गावाबाहेरही अशीच एक खाण आहे. रस्त्यासाठी खडी काढून झाली, ठेकेदार यंत्रे घेऊन गेला आणि तीन-चार पावसाळ्यांत तो खड्डा भरला. आम्ही आठवीत असताना एका दुपारी पाचजण तिथे गेलो. मला सर्दी होती म्हणून मी काठावर कपडे राखत बसलो होतो. आमच्यातला एकजण पाण्यात उतरला, दोन पावले चालला, छातीइतक्या पाण्यात उभा राहून आमच्याकडे वळला आणि ओरडला, "या रे, उभं राहता येतंय!" मग तो एक पाऊल मागे सरकला. एवढेच. गावातले नामांकित पोहणारे धावत आले, त्यांनी बुड्या मारल्या, गळ टाकले. तो तिसऱ्या दिवशी आपणहून वर आला. म्हातारी माणसे म्हणाली, आसरांनी ओढला. पोहणारेही म्हणाले, खाली पाणी ओढते.

मामाचे घर लेस्टर शहरात आहे. तिथून सुमारे पंधरा किलोमीटरवर स्टोनी स्टँटन नावाचे खेडे आहे आणि त्याच्या शेजारी स्टोनी कोव्ह. एकोणिसाव्या शतकापासून तिथे ग्रॅनाइटसारखा कठीण दगड काढत. खणताना झरे लागले होते, त्यामुळे पंप सतत चालू ठेवावे लागत. १९५८ साली काम थांबले, पंप थांबले आणि झऱ्यांनी खाण भरून टाकली. पुढल्या दशकात पाणबुडे येऊ लागले. उत्तर समुद्रात तेल सापडल्यावर तेलविहिरींवर काम करणाऱ्या पाणबुड्यांनाही इथे शिकवण्यात आले. आज तिथे हौशी लोक शिकतात. माझा मामेभाऊ त्यांपैकीच एक. त्याच्या क्लबातल्या शिक्षकाने मला नवशिक्यासारखे एकदा खाली नेले.

समुद्र चहूकडे असलेल्या देशात लोक खड्ड्यात का शिकतात? कारण खाणीत लाट नाही, भरती-ओहोटी नाही, प्रवाह नाही. नदी येऊन मिळत नसल्याने गाळ कमी. शिवाय काठापासून दोन हातांवरच खोली मिळते. दगडाची खाण टप्प्याटप्प्याने खाली नेतात. एक बाक कापायचा, त्यावर यंत्रे उभी करायची, सुरुंग लावून दुसरा बाक कापायचा. पाणी भरले तरी हे बाक जातात कुठे? स्टोनी कोव्हमध्ये ते सुमारे ६, २० आणि ३५ मीटरांवर आहेत. शाळेच्या इयत्तांसारखी सोय! नवा विद्यार्थी पहिल्या बाकावर, मुरलेला खाली. पाहायला काही असावे म्हणून तिथे जुन्या विमानाचा पुढला भाग ठेवला आहे आणि १९१० साली बांधलेली 'स्टेनगार्थ' ही लोखंडी बोट २००० साली मुद्दाम बुडवली आहे. पाइक आणि पर्च हे गोड्या पाण्यातले मासे त्यांच्याभोवती फिरतात.

आता पोशाखाविषयी. आपल्याकडे वर्तमानपत्रांतसुद्धा छापतात की पाणबुड्याच्या पाठीवर 'ऑक्सिजनचे सिलिंडर' असते. ते चूक आहे. त्यात आपण घेतो तीच साधी हवा दाबून भरलेली असते. निव्वळ ऑक्सिजन सहा-सात मीटरांच्या खाली विषासारखा होतो, माणसाला झटके येऊ शकतात. बारा लिटरच्या सिलिंडरात २३२ पट दाबाने हवा भरली तर ती सुमारे २,७०० लिटर होते. खरी गंमत मात्र सिलिंडरात नाही, तोंडात धरायच्या रेग्युलेटरमध्ये आहे. ओढली की तेवढीच हवा, तीही भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबाची. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी तो पाण्यासाठी तयार केला. त्याआधी गान्यांने तशी झडप केली होती ती मोटारीसाठी. युद्धामुळे पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी गॅसवर चालवत होते!

दाबाचा हिशेब सोपा आहे. पृष्ठभागावर आपल्यावर एका वातावरणाचा दाब असतो. दर दहा मीटरांना आणखी एकाची भर पडते. दहा मीटरांवर दुप्पट, वीस मीटरांवर तिप्पट. म्हणून वीस मीटरांवर प्रत्येक श्वासात तिप्पट हवा जाते आणि वर दोन तास पुरणारे सिलिंडर पाऊण तासात संपत येते.

मी पोहायला शिकलो ते पाठीला डबा बांधून, विहिरीत. आमच्याकडे पोहणाऱ्याची प्रतिष्ठा दोन गोष्टींवर ठरते, सूर किती उंचावरून मारतो आणि दम किती वेळ कोंडतो. शिक्षकाने पहिला नियम सांगितला तो याच्या थेट उलट : काहीही झाले तरी श्वास कोंडायचा नाही. विहिरीत आपण वरची हवा घेऊन बुडी मारतो. ती खाली आकसते आणि वर येताना होती तेवढी होते. पाणबुडा मात्र दहा मीटरांवर दुप्पट दाबाची हवा छातीत भरतो. ती कोंडून तो वर आला तर तिचे आकारमान दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुस फाटते. म्हणून हळूहळू आणि श्वास सोडत वर यायचे.

हळूहळू येण्याला दुसरेही कारण आहे. दाबाखाली हवेतला नायट्रोजन रक्तात आणि शरीरात विरघळतो. गोटी सोड्याची बाटली फोडल्यावर काय होते ते सर्वांनी पाहिले आहे. दाब एकदम काढला तर शरीरात तेच होते. किती खोलीवर किती वेळ राहिले तर वर येताना कुठे किती थांबावे, याचे कोष्टक जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ साली प्रसिद्ध केले. त्यांचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दाबाच्या कोठडीत स्वतःला कोंडून घेऊन हेच संशोधन पुढे नेले. हे हॉल्डेन पुढे भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. तिथल्या पाणबुड्यांना हे मी सांगितले तेव्हा ते कोणालाच माहीत नव्हते. मला जरा बरे वाटले.

असो. मी उतरलो. दोन मीटरांवरच कानाला दडे बसले, घाटात एस.टी.त बसतात तसे, पण दुखणारे. मास्कवरून नाक चिमटीत धरून हलकेच फुंकले की कान मोकळा होतो, मग आणखी थोडे खाली. हे हळूहळू केले नाही तर पडदा फाटतो. पाणी हिरवट दिसत होते. मी सवयीने पाय झाडले आणि तळावरची दगडाची भुकटी अशी उसळली की मला स्वतःचा हात दिसेना. शिक्षकाने माझ्या दंडाला धरून मला बाजूला घेतले. मामेभावाने सांगितले की खालच्या बाकांवर गारठ्याची सीमा वरून डोळ्यांना दिसते; कोमट, हलके पाणी वर तरंगते आणि गार, जड पाणी खाली साचते. त्यांच्यामध्ये काच वितळल्यासारखी एक थरथर असते आणि तिच्याखाली भर उन्हाळ्यातही पाणी एक अंकी तापमानाचे.

पाणी ओढते का, हे मी त्याला आधीच विचारले होते. तो म्हणाला, "ओढत नाही. तूच जड होतोस." माणूस तरंगतो तो छातीतल्या हवेमुळे. दम कोंडून खाली जावे तशी ती हवा दाबाने आकसते, माणसाचे आकारमान घटते, पाण्याचा आधार कमी होतो. एका खोलीनंतर पाणी वर फेकेनासे होते आणि माणूस आपसूक खाली जाऊ लागतो. ही खोली माणसागणिक वेगळी असते. समुद्रापेक्षा गोड्या पाण्यात ती लवकर येते, कारण मीठ नसल्याने पाणीच हलके. म्हणून तर मालवण-तारकर्लीला समुद्रात लागते त्यापेक्षा कमी शिसे खाणीत कमरेला बांधावे लागते. आमच्या गावच्या पोहणाऱ्यांनी जे अनुभवले ते खोटे नव्हते.

बाकाच्या टोकाशी शिक्षकाने मला थांबवले. सहा मीटरांवर आमच्या पोटाखाली सपाट दगड होता, त्याच्यावर हिरवे शेवाळ, एक क्रेफिश पाठमोरी सरकत होती. आणि मग दगड संपला. उतार नाही, पायरी नाही. सुरुंगाने तोडलेली सरळ कडा आणि खाली काळोख. नदीला वाळू असते, तलावाला उतरण असते, विहिरीला पायऱ्या असतात. खाण माणसाने पाण्यासाठी केलेलीच नसते. मी तरंगत होतो, तोंडात हवा होती, दंडाला शिक्षकाचा हात होता. तरी मी मागे सरलो.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा विहिरीवरची नायलॉनची दोरी घेऊन खाणीवर गेलो. आता तिथे कुंपणाचे चार खांब आहेत, तार नाही. दोरीला दगड बांधून तो बसायचो त्या जागेवरून सोडला. माझ्या छातीइतक्या खोलीवर दगड टेकला. मग काठीने दोरी हातभर पुढे सरकवली. दोरी सुटली, हातातून सरसर गेली आणि कुठे टेकली ते कळायला वेळ लागला. वर ओढून ओली दोरी मोजली. सात परस भरली.