२१ वा कॉम्प्युटर का जोडला जात नाही? नवीन स्विच घेण्याआधी हे वाचा

दुकानात दोनाचे चार कॉम्प्युटर होतात, आपण ते एका स्विचला जोडतो, मेन कॉम्प्युटरवरचा फोल्डर शेअर करतो आणि काम सुरू. सर्व्हर वगैरे काही नाही. याला पीअर-टू-पीअर नेटवर्क म्हणतात. छोट्या धंद्याला ते पुरतं, मी स्वतः अनेक वर्षं यावरच काम केलं. पण त्याची एक मर्यादा आहे, आणि ती माहीत नसली की खिशाला कात्री लागते.

आधी माझाच किस्सा. झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान सुरू केलं तेव्हा मेन कॉम्प्युटर सेकंड हँड होता, त्यावर विंडोज एक्सपी होम. त्याला बाकीचे सहा जोडलेले. बारावीचा निकाल लागला, ॲडमिशनची गर्दी झाली, आणि सहाव्या कॉम्प्युटरवर फोल्डर उघडेना. मेसेज यायचा, त्याचा अर्थ असा, की या कॉम्प्युटरला जेवढी कनेक्शन घेता येतात तेवढी झाली आहेत, आता आणखी नाही. मी तो नीट वाचलाच नाही! केबल बदलली, नवा स्विच आणला. गंमत म्हणजे चहा पिऊन आलो की कधीकधी आपोआप चालू व्हायचं. म्हणून वाटायचं, केबलच लूज असणार.

दोष केबलचा नव्हताच. एक्सपी होम एका वेळी फक्त ५ कॉम्प्युटरना आत घेतं. एक्सपी प्रोफेशनल १० घ्यायचं. आजच्या विंडोज १० आणि ११ ला ही मर्यादा २० आहे. होम घ्या नाहीतर प्रो घ्या, २० म्हणजे २०.

ही मर्यादा नेमकी कशाची?

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जो कॉम्प्युटर फोल्डर किंवा प्रिंटर *देतो*, मर्यादा त्याच्यावर असते. जो *घेतो* त्याच्यावर नाही. रॅम वाढवून किंवा जास्त पोर्टचा स्विच लावून ती वाढत नाही, कारण ती विंडोजच्या लायसन्समध्येच लिहिलेली आहे. जास्त लोकांना सेवा द्यायची असेल तर मायक्रोसॉफ्ट म्हणतं, विंडोज सर्व्हर घ्या. नेटवर कुणी 'मर्यादा तोडणारा पॅच' दिला तर तो टाकू नका. लायसन्स मोडतंच, वर व्हायरसला दार उघडं.

फाइल आणि प्रिंटर दोन्ही मिळून हिशोब होतो. एका कॉम्प्युटरने तुमचे तीन फोल्डर उघडले तरी साधारणपणे ते एकच सेशन. पण मोबाइलवरून शेअर फोल्डर उघडला, तोही एक. झेरॉक्स मशीन स्कॅन करून थेट फोल्डरमध्ये फाइल टाकते ना? तेही त्यात आलं. ही मोजणी आपण विसरतो. (वायफाय राउटरवरून नुसतं इंटरनेट वापरणारे मात्र यात धरायचे नाहीत.)

आणि चहाचं कोडं? सेशनवर १५ मिनिटं काहीच हालचाल नसेल तर विंडोज ते स्वतः सोडून देतं. म्हणजे कुणीतरी सुटला की माझा सहावा आत जायचा. पण फाइल उघडी ठेवून कुणी जेवायला गेलं, तर ती जागा अडलेलीच राहते.

तपासायचं कसं?

मेन कॉम्प्युटरवर स्टार्ट बटणावर राइट क्लिक करा, कॉम्प्युटर मॅनेजमेंट उघडा, त्यात शेअर्ड फोल्डर्स आणि मग सेशन्स. आत्ता कोण कोण जोडलंय त्याची यादीच समोर येते. जो उगाच बसलाय त्याचं सेशन तिथूनच बंद करता येतं. पण आधी ओपन फाइल्स बघा. कुणी बिल करत असेल आणि तुम्ही तोडलंत, तर डेटा बिघडू शकतो.

अकाउंटिंग सॉफ्टवेअरचं लायसन्स ही वेगळी गोष्ट. टॅलीचं मल्टी-युजर लायसन्स घेतलं म्हणजे विंडोजचे २० वाढले असं होत नाही. डेटा साध्या विंडोजच्या शेअर फोल्डरमध्ये असेल तर दोन्ही मर्यादा लागू.

मग करायचं काय?

पैसे न लागणाऱ्या उपायापासून सुरू करा.

१. काम झालं की फाइल बंद, फोल्डर बंद. स्टाफला ही सवय लावा.

२. प्रिंटरला नेटवर्क पोर्ट किंवा वायफाय असेल तर तो थेट नेटवर्कला जोडा. फक्त प्रिंटसाठी येणारी मशीन मेन कॉम्प्युटरवरून कमी होतील.

३. फोल्डर दोन कॉम्प्युटरवर वाटा. प्रत्येकाचे २० वेगळे मोजले जातात.

४. तरी पुरत नसेल तर नॅस घ्या, म्हणजे नेटवर्कला जोडायची स्टोरेजची पेटी. तिला विंडोजची २० ची अट नसते. मात्र बॅकअप वेगळा ठेवायचाच.

५. स्टाफ आणि सॉफ्टवेअर दोन्ही वाढत असतील तर विंडोज सर्व्हर. त्यात सर्व्हरच्या किमतीबरोबर प्रत्येक युजरचं किंवा डिव्हाइसचं लायसन्स लागतं, तो खर्च कोटेशनमध्ये आहे का ते विचारा.

माझा स्वतःचा हिशोब असा: १० पर्यंत निर्धास्त राहा, १५ झाले की पुढचं प्लॅनिंग सुरू करा. २० व्याची वाट बघू नका, कारण तो नेमका सीझनलाच येतो.

आपल्या बॅचमधल्या एका ताईंचा टायपिंग क्लास आहे, २४ मशीन. रोज चार मशीनवर सरावाचे उतारे उघडायचे नाहीत, आणि रोज वेगळ्या चार! जी मुलं उशिरा येतात त्यांचीच. त्यांच्या हातात नवा मेन कॉम्प्युटर आणि मोठा स्विच यांचं कोटेशन आलं होतं. मी एवढंच विचारलं, "ताई, हे उतारे रोज बदलतात का?" नाही बदलत. मग शेअर कशाला करायचे? पेनड्राइव्हने ते २४ मशीनवर कॉपी केले, एक दुपार गेली. मेन कॉम्प्युटरवर आता फक्त रिझल्ट जमा होतात, तेही दोन बॅचमध्ये. कोटेशन परत गेलं.

आज दुकान बंद करायच्या आधी एक कागद घ्या आणि तुमच्या मेन कॉम्प्युटरला कोण कोण जोडलं जातं ते लिहा, मोबाइल आणि झेरॉक्स मशीन धरून. किती आकडा आला ते व्हिडिओखाली कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटूया पुढच्या भागात!